मतपेटीतली मिरासदारी

कॅमेरूनचे अध्यक्ष पॉल बिया यांनी ६ नोव्हेंबर २०२५ रोजी आठव्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या दिवशी त्यांचे वय ९२ वर्षांचे होते आणि त्यांना त्या पदावर येऊन बरोबर ४३ वर्षे पूर्ण झाली होती. तेथील घटना परिषदेने जाहीर केलेल्या निकालानुसार १२ ऑक्टोबरच्या मतदानात त्यांना ५३.६६ टक्के मते मिळाली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्याच मंत्रिमंडळात बसणारे इसा चिरोमा बकारी यांना ३५ टक्के. चिरोमा यांनी विजय आपलाच असल्याचा दावा केला. दुआला शहरात निदर्शने झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि चिरोमा यांना अखेर गांबियात आश्रय घ्यावा लागला. २०१८ च्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर आलेले मोरिस कामतो यांचा अर्ज तर मतदानापूर्वीच बाद ठरविण्यात आला होता. इतके होऊनही ही निवडणूक कागदोपत्री बहुपक्षीयच होती. पक्ष अनेक होते, उमेदवार अनेक होते, मतपेट्याही होत्या. नव्हती ती एकच गोष्ट : सत्तारूढ अध्यक्ष हरू शकतील ही शक्यता.

अशी वार्ता आली की आपल्याकडील सुशिक्षित माणूस वर्तमानपत्र बाजूस ठेवतो आणि म्हणतो, आफ्रिकेत हे असेच चालायचे. आम्हांस हा शेरा अन्यायाचा वाटतो, आणि त्याहूनही अधिक आळसाचा वाटतो. कारण ज्या वर्षी बिया यांनी पहिली बहुपक्षीय निवडणूक जिंकली, त्याच वर्षी, अवघ्या अडीच महिन्यांच्या अंतराने, केनियातही असाच एक मुरलेला सत्ताधीश असाच निवडून आला होता. दोघांचीही मते चाळीस टक्क्यांच्या आतली होती. दोघांचेही विरोधक आपसांत फुटलेले होते. दोघांच्याही विजयावर गैरप्रकारांचे सावट होते. मात्र पुढे दहा वर्षांनी केनियाचा तो सत्ताधीश शांतपणे पायउतार झाला आणि कॅमेरूनचा सत्ताधीश आणखी तीन कारकिर्दी भोगून पुन्हा शपथ घेता झाला. एकाच जागेवरून निघालेल्या दोन वाटा इतक्या लांब का गेल्या, हा प्रश्न लोकशाहीवर निष्ठा असणाऱ्या कोणत्याही देशातील नागरिकाने विचारण्याजोगा आहे.

केनियाची गोष्ट गोमंतकीयांना परकी नाही. नैरोबी आणि मोंबासा येथील कचेऱ्यांतून, रेल्वेतून आणि दुकानांतून गोमंतकीयांच्या पिढ्या राबल्या. नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटो केनियाच्या आणि गोव्याच्याही मुक्तीसाठी झगडले, इंग्रजांच्या अटकेत त्यांनी वर्षे काढली, आणि स्वातंत्र्य मिळून पुरती दीड वर्षे झाली नाहीत तोच, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, नैरोबीत घराच्या दारातच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. पिंटो यांचे निकटचे सहकारी ओगिंगा ओडिंगा हे देशाचे पहिले उपाध्यक्ष. १९६६ मध्ये ओडिंगा यांनी ते पद सोडले तेव्हा त्यांच्या जागी आले जोसेफ मुरुंबी, ज्यांचे वडील गोमंतकीय व्यापारी आणि आई मासाई होती. मुरुंबींनीही वर्ष संपण्यापूर्वीच पदत्याग केला. त्यानंतर जानेवारी १९६७ मध्ये त्या रिकाम्या खुर्चीवर जे गृहस्थ येऊन बसले ते डॅनियल अराप मोई. ते मवाळ आहेत, कोणाच्या अध्यात-मध्यात नाहीत, अशी तेव्हा ख्याती होती. २२ ऑगस्ट १९७८ रोजी जोमो केन्याटा वारले आणि मोई अध्यक्ष झाले. मधल्या काळापुरता हा मनुष्य बरा, असे ज्यांनी मानले होते त्यांचा हिशेब पुढे २४ वर्षे चुकत राहिला.

१९८२ च्या जून महिन्यात घटनेत कलम २-अ घालून केनियात कानू हा एकच पक्ष कायदेशीर ठरविण्यात आला. पुढच्याच ऑगस्टमध्ये हवाई दलातील काही सैनिकांनी बंडाचा प्रयत्न केला. तो मोडला गेला आणि मोई यांची पकड अधिकच घट्ट झाली. १९८८ मध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत गुप्त मतदानच रद्द झाले. उमेदवाराच्या मागे मतदारांनी उघड्यावर रांग लावायची आणि अधिकाऱ्याने डोकी मोजायची, अशी ती पद्धत होती. अनेक ठिकाणी आखूड रांगेचा उमेदवार निवडून आल्याचे जाहीर झाले! रांग दिसते, तरी निकाल उलटा लागतो, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांचा राज्यव्यवस्थेवरील विश्वास तेथेच उडाला. फेब्रुवारी १९९० मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबर्ट ओको यांचा खून झाला. त्याच वर्षी अनेक पक्षांची मागणी करणारे माजी मंत्री केनेथ मतीबा आणि त्यांचे सहकारी यांना चौकशीवाचून डांबण्यात आले, आणि ७ जुलै रोजी नैरोबीच्या कामुकुंजी मैदानावर जमू पाहणाऱ्या लोकांवर पोलिसांनी हत्यार चालविले. स्वाहिली भाषेत ‘साबा साबा’, म्हणजे सात-सात, या नावाने तो दिवस आजही केनियात पाळला जातो.

लोकांनी जे रस्त्यावर मागितले त्याला परदेशी तिजोऱ्यांनी जोर दिला हे खरे. नोव्हेंबर १९९१ मध्ये पॅरिसला भरलेल्या बैठकीत मदतदार राष्ट्रांनी केनियाची नवी मदत रोखून धरली, आणि एका आठवड्यातच मोई यांनी अनेक पक्षांना मुभा देण्याची घोषणा केली. शीतयुद्ध चालू होते तोवर याच राष्ट्रांना मोई यांची एकपक्षीय राजवट मुळीच खुपत नव्हती. ते संपताच त्यांना लोकशाहीचा उमाळा आला. हा दुटप्पीपणा आम्ही विसरू इच्छीत नाही. परंतु मदत थांबली म्हणून लोक जागे झाले, असे म्हणणे म्हणजे कामुकुंजीवर लाठ्या खाणाऱ्यांचा अपमान होय. डिसेंबर १९९१ मध्ये कलम २-अ रद्द झाले. त्याच सुमारास आणखी एक तरतूद घटनेत आली. यापुढे कोणासही अध्यक्षपद पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदतींपुरते भूषविता येईल, ही ती तरतूद. मोई यांची आधीची चौदा वर्षे त्यात धरली जाणार नव्हती. त्यामुळे कानूच्या मंडळींनाही ती फारशी बोचली नाही. दहा वर्षे म्हणजे राजकारणात एक युगच. त्या युगाच्या शेवटी काय होईल याची चिंता कोण करतो?

मतदान २९ डिसेंबर १९९२ रोजी झाले. त्या मतदानाचा निकाल बऱ्याच अंशी आधीच ठरून गेला होता, आणि तो ठरविण्याच्या युक्त्या समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली युक्ती नियमांची. विजयी उमेदवाराला आठांपैकी किमान पाच प्रांतांत २५ टक्के मते मिळालीच पाहिजेत, असा नवा नियम झाला. दिसायला तो राष्ट्रैक्याचा. प्रत्यक्षात, एकेका प्रांतात घट्ट मुळे असलेल्या विरोधी नेत्यांना अडविणारा. वयात आलेल्या असंख्य तरुणांना ओळखपत्रेच वेळेवर मिळाली नाहीत, आणि ओळखपत्र नाही म्हणून मतदार यादीत नाव नाही.

दुसरी युक्ती पैशाची. देशात जे सोने आणि जे हिरे निघतच नव्हते त्यांच्या निर्यातीबद्दल सरकारी तिजोरीतून एका कंपनीला भरपाई दिली गेली. गोल्डनबर्ग प्रकरण या नावाने ते पुढे चव्हाट्यावर आले. निवडणुकीच्या मोसमात बाजारात नोटांचा महापूर आला. कानूसाठी तरुणांची एक संघटना सढळ हाताने पैसे वाटत गावोगाव फिरली, आणि पाचशे शिलिंगच्या नव्या नोटेला लोकांनी त्या संघटनेच्या म्होरक्याचेच नाव देऊन टाकले. या दानशूरपणाचे बिल १९९३ मध्ये आले : महागाईचा दर चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला. निवडणुकीत मिळालेली नोट मतदाराने पुढील वर्षी पिठाच्या दुकानात व्याजासह परत केली, असेच म्हणावयाचे.

तिसरी युक्ती सर्वांत काळी. १९९१ च्या अखेरीपासून रिफ्ट व्हॅली प्रांतात वांशिक हिंसाचार उसळला. तेथे पिढीदीड पिढी जमीन कसणाऱ्या किकुयू, लुओ, लुह्या कुटुंबांवर धनुष्यबाण आणि कोयते घेतलेल्या टोळ्या चालून आल्या, घरे पेटली, पिके जळाली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार किमान १,५०० माणसे मेली आणि सुमारे ३ लाख बेघर झाली. जे बेघर झाले ते बहुधा विरोधी पक्षांचे मतदार होते, हा योगायोग समजावा इतके भोळे आम्ही नाही. अनेक पक्ष आले की जमाती एकमेकींच्या उरावर बसतील, असे मोई वारंवार बजावीत आले होते. भाकीत करणाऱ्याच्याच राजवटीत ते खरे ठरावे आणि त्याच्याच पथ्यावर पडावे, यातच सर्व काही आले.

असे असूनही मोई यांना मिळाली केवळ ३६ टक्के मते. म्हणजे पैसा, पोलीस, नभोवाणी आणि दहशत ही चारही साधने हाताशी असून दर तिघांपैकी जवळजवळ दोघा मतदारांनी त्यांना नाकारले. मग ते जिंकले कसे? याचे उत्तर कानूच्या कचेरीत नव्हे, तर विरोधकांच्या बैठकीत शोधले पाहिजे. १९९१ मध्ये ‘फोर्ड’ नावाची एक बलाढ्य आघाडी उभी राहिली होती. निवडणूक जवळ येताच तिची दोन शकले झाली. एकाचे उमेदवार वृद्ध ओडिंगा, दुसऱ्याचे मतीबा. तिसरे म्वाई किबाकी, जे स्वतः दहा वर्षे मोई यांचे उपाध्यक्ष होते. मतीबांना २६ टक्के, किबाकींना १९, ओडिंगांना १७. या तिघांची बेरीज साठाच्या वर जाते. प्रत्येकास वाटत होते की मोई आता पडणारच. तेव्हा प्रश्न उरला तो खुर्चीवर बसायचे कोणी एवढाच. शिकार हाती येण्यापूर्वीच कातड्याची वाटणी सुरू झाली आणि शिकार निसटली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो. येथे तिघांच्या भांडणात चौथ्याचा झाला. ओडिंगा जानेवारी १९९४ मध्ये निवर्तले. मतीबांची प्रकृती तर स्थानबद्धतेत झालेल्या पक्षाघाताने कायमची खालावली होती. देशासाठी एवढे सोसलेल्या माणसांनाही एका नावावर एकत्र येता आले नाही, ही त्या निवडणुकीतील खरी शोकांतिका होय.

या चित्राचा आपल्याला परिचय नाही असे कोण म्हणेल? मते फुटली की अल्पमताचा धनी होतो, हे विधानसभेच्या छोट्या छोट्या मतदारसंघांत उमेदवारांची झुंबड पाहणाऱ्या गोमंतकीय मतदारास शिकवावे लागत नाही. आणि १९७७ मध्ये भारतातील विरोधी पक्षांनी आपली निशाणे बाजूस ठेवून एकच उमेदवार द्यायचे ठरविले तेव्हा काय घडले, तेही सर्वांच्या स्मरणात आहे. आफ्रिकेतही हा धडा नवा नव्हता. केनियाच्या मतदानापूर्वी चौदाच महिने, ऑक्टोबर १९९१ मध्ये, झांबियातील विरोधक फ्रेडरिक चिलुबा यांच्या पाठीशी एकवटले आणि २७ वर्षे राज्य केलेले केनेथ कौंडा पराभूत झाले. कौंडा यांनी तो पराभव मानला आणि ते घरी गेले. मोई आणि बिया या दोघांनीही तो धडा गिरविला असावा. दुर्दैव इतकेच की, विरोधकांनी तो गिरविला नाही.

कॅमेरूनमध्ये ११ ऑक्टोबर १९९२ रोजी झालेल्या मतदानात बिया यांना जेमतेम ४० टक्के, बामेंडाचे पुस्तकविक्रेते जॉन फ्रू न्दी यांना ३६ टक्के आणि बेल्लो बूबा मैगारी यांना १९ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. फ्रू न्दी यांनी विजयाचा दावा करताच त्यांच्या प्रांतात आणीबाणी पुकारली गेली आणि त्यांना घरातच कोंडण्यात आले. येथवर दोन्ही देशांची कुंडली एकच. पुढे मात्र वाटा फुटल्या, आणि त्या फुटल्या मुख्यतः संसदेच्या दारात.

केनियाच्या विरोधकांनी १९९२ चा निकाल मनापासून मानला नाही. परंतु त्यांनी संसदेवर बहिष्कारही टाकला नाही. १८८ जागांपैकी ८८ जागा त्यांनी जिंकल्या होत्या. त्या घेऊन ते सभागृहात बसले. १९९७ मध्ये मोई पुन्हा निवडून आले, पुन्हा ४० टक्के मतांवर, पुन्हा विरोधकांच्या फाटाफुटीमुळे. परंतु संसदेत कानूला २१० पैकी १०७ जागांवर समाधान मानावे लागले. घटना बदलण्यास एकूण सदस्यांपैकी ६५ टक्के सदस्यांचा होकार लागत असे. म्हणजे दोन मुदतींचे ते कलम खोडून टाकण्याचे बळ सत्ताधारी पक्षापाशी उरलेच नव्हते. १९९१ मध्ये ज्या तरतुदीकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तीच २००२ मध्ये काळपुरुषासारखी दाराशी येऊन उभी राहिली. मोई यांनी उहुरू केन्याटा यांना वारस नेमले. त्यावर रागावलेले राइला ओडिंगा आदी नेते पक्ष सोडून किबाकींस मिळाले. आणि २७ डिसेंबर २००२ रोजी एकवटलेल्या विरोधकांच्या किबाकींनी ६२ टक्के मते घेऊन कानूची ३९ वर्षांची सत्ता संपविली. मोटार अपघातात जखमी झालेले नवे अध्यक्ष चाकांच्या खुर्चीतून शपथविधीस आले, आणि मोई यांनी सत्ता त्यांच्या स्वाधीन केली. पुढे मोई स्वतंत्र नागरिक म्हणून आणखी सतरा वर्षे जगले आणि ४ फेब्रुवारी २०२० रोजी वारले. सत्ता गेली म्हणून आभाळ कोसळले नाही; त्यांच्यावरही नाही आणि देशावरही नाही.

कॅमेरूनच्या १९९६ च्या घटनेतही सात-सात वर्षांच्या दोनच मुदतींची अट होती. परंतु १९९२ च्या मार्चमधील संसदीय निवडणुकीवर फ्रू न्दी यांच्या पक्षाने बहिष्कार टाकला होता, आणि १९९७ ची अध्यक्षीय निवडणूकही प्रमुख विरोधकांनी बहिष्कृत केली. त्या वर्षी बिया यांना ९२ टक्क्यांवर मते मिळाली. आपण मैदान सोडले की प्रतिस्पर्ध्याची नामुष्की होईल, ही कल्पना नीतिशास्त्रात शोभते; राजकारणात ती प्रतिस्पर्ध्याला रिकामे मैदान देते. २००७ च्या निवडणुकीनंतर सत्ताधारी पक्षाकडे १८० पैकी १५३ जागा आल्या, आणि एप्रिल २००८ मध्ये मुदतीची अट घटनेतून सहज काढून टाकण्यात आली. त्याच्या आधी फेब्रुवारीत महागाई आणि या बदलाची चाहूल यांविरुद्ध शहरे पेटली होती. ती बंदुकीने विझविली गेली. कुंपण होते, पण राखणदार नव्हता. तेव्हा मालक म्हणविणाऱ्यानेच ते उपटून जाळले. युगांडातही हेच घडले : तेथील मुदतीची अट २००५ मध्ये काढली गेली आणि वयाची अट २०१७ मध्ये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. लोकांना एखादा नेता हवा असेल तर कायद्याने त्यास का अडवावे? आमच्या घटनेत पंतप्रधानाला अशी मुदत नाही, हेही सांगितले जाईल. परंतु संसदीय पद्धतीत पंतप्रधानाची मुदत सभागृहाच्या विश्वासावर टांगलेली असते. आज बहुमत गेले तर उद्या घरी जावे लागते. थेट निवडून आलेला अध्यक्ष सेना, तिजोरी, नेमणुका आणि निवडणूक यंत्रणा मुठीत घेऊन वर्षानुवर्षे बसतो, आणि बसल्या जागेवरून पुढच्या निवडणुकीचे नियम लिहितो. धावणाऱ्यानेच शर्यतीची रेघ आखावयाची असेल तर तो दमेपर्यंत ती मागे ढकलीत राहणार. मुदतीची अट मतदाराचा अधिकार हिरावीत नाही. तो परत मिळवून देते.

अर्थात या अटीस जादूची कांडी मानण्याचे कारण नाही. केनियातच २००७ च्या वादग्रस्त निकालानंतर अकराशेहून अधिक माणसे मारली गेली. गोमंतकीयांना चिरपरिचित अशा मोझांबिकमध्ये अध्यक्ष मुदतीप्रमाणे बदलतात, पण १९७५ पासून पक्ष एकच आहे. तरीही जेथे माणूस बदलतो तेथे चूक सुधारण्यास फट राहते. केनियाने २००७ च्या रक्तपातानंतर २०१० मध्ये नवी घटना स्वीकारली, निम्म्याहून अधिक मतांची अट घातली, आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सत्तारूढ अध्यक्षाची निवडणूक रद्दबातल ठरविली. छत्तीस टक्क्यांवर राज्य करण्याचे दिवस त्या देशाने कायद्यापुरते तरी मागे टाकले आहेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पक्षांच्या संख्येवरून लोकशाहीची मोजणी करू नये. सत्ताधीश हरू शकतो काय, आणि हरला नाही तरी त्याला कधीतरी जावे लागेल काय, हे दोन प्रश्न प्रत्येक निवडणुकीस विचारावेत. १९९२ मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या केनियाच्या मतदाराला पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी मिळाले. परंतु त्याने निवडून दिलेले ८८ पराभूत पक्षांचे प्रतिनिधी आपल्या बाकांवर बसून राहिले, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले. ते मत फुकट गेले नव्हते. कॅमेरूनच्या तरुणांपैकी बहुसंख्यांनी आयुष्यात एकच अध्यक्ष पाहिला आहे. त्यांच्या नेत्यांनी आता तरी बहिष्काराची आणि भाऊबंदकीची वाट सोडून संसदेच्या बाकांची वाट धरावी. ती लांबची आहे, कंटाळवाणी आहे, आणि तीवर जयघोष होत नाहीत. परंतु शेजारच्याच खंडबंधूने ती चालून दाखविली आहे.